जुन्या जपानी आरपीजीचं भाषांतर कसं करायचं: रॉम उघडण्यापासून पॅच देईपर्यंत

'फायनल फँटसी ५' हा आरपीजी, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा कथागेम, जपानात डिसेंबर १९९२मध्ये निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला. गेम काढणाऱ्या स्क्वेअर कंपनीने तो तेव्हा अमेरिकेत आणलाच नाही. इंग्रजी खेळाडूंना तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजून खेळता आला तो १९९७ साली, 'आरपीजीई' नावाच्या हौशी गटाने काढलेल्या पॅचमुळे, म्हणजे मूळ गेमवर चढवायच्या बदलांच्या फाइलीमुळे. अधिकृत इंग्रजी आवृत्ती प्लेस्टेशनवर १९९९मध्ये आली आणि तिच्यात वायव्हर्न या उडत्या राक्षसाचं नाव चक्क 'वाय बर्न' असं होतं. 'सेइकेन देन्सेत्सु ३' हा १९९५चा गेम. त्याचा हौशी पॅच २०००मध्ये आला आणि अधिकृत इंग्रजी २०१९मध्ये. 'मदर ३'चा पॅच २००८चा, आणि निन्टेंडोने तो गेम इंग्रजीत काढलेलाच नाही.

ही यशस्वी नावं सगळ्यांना माहीत असतात. अर्धवट पडलेल्या प्रकल्पांची मात्र कुणी मोजदाद ठेवत नाही, आणि ते बहुतेक एकाच पद्धतीने मरतात. कुणीतरी उत्साहाने शेकडो संवाद भाषांतरित करतो, फाइल तयार होते, आणि मग कळतं की तो मजकूर गेममध्ये घालायचा कसा हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून या लेखात कामाचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. आधी तुमच्या भाषेतलं एक वाक्य पडद्यावर आणायचं, त्यानंतरच भाषांतराला हात घालायचा.

गेम कोणता घ्यावा

आवडता गेम घेऊ नका. आवडता गेम बहुधा साठ तासांचा असतो, त्यात मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून) बसवलेला असतो आणि त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच झालेलं असतं. पहिल्यांदा गेम बॉय किंवा फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या यंत्रांवरचा लहान आरपीजी घ्या, किंवा सुपर फॅमिकॉमवरचा सुरुवातीच्या वर्षांतला एखादा. प्लेस्टेशनच्या सीडीवरच्या गेममध्ये मजकूर पुष्कळदा शिफ्ट-जिस या, अक्षरांना आकडे देण्याच्या प्रमाण संकेतात असतो, त्यामुळे तो सापडायला सोपा जातो. पण फाइलींचे गठ्ठे, कॉम्प्रेशन आणि व्हिडिओतली उपशीर्षकं या भानगडी मागे लागतात.

जपानी किती यायला हवं? लहान मुलांसाठीचे गेम म्हणजे सोपी भाषा, असा समज असतो. फॅमिकॉमच्या बाबतीत तो फसवा आहे. कार्ट्रिजमध्ये जागा नसल्याने त्या बहुतेक गेममध्ये कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, नसतात, सगळं काना या उच्चारलिपीत (हिरागाना आणि काताकाना) लिहिलेलं असतं, आणि एकाच उच्चाराचे चार शब्द कुठला अर्थ घेऊन आलेत ते संदर्भावरून ओळखावं लागतं. १९८६च्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'चं कार्ट्रिज ६४ किलोबाइटचं. त्यात काताकानाची फक्त २० अक्षरं बसवली होती आणि राक्षसांची नावं, मंत्र वगैरे त्यांतूनच जुळवले होते. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पुण्या-मुंबईत होते आणि आपल्याकडे जपानी शिकणारेही पुष्कळ आहेत. तिच्या एन३ या मधल्या पातळीच्या आसपासचा माणूस शब्दकोश घेऊन लहान गेम पार करू शकतो. आपल्याला जपानी येत नसेल तर तसा सोबती आधी गाठा. इंग्रजी पॅचवरून मराठी करणं म्हणजे आधीच्या भाषांतरकाराच्या चुकाही आपल्या नावावर घेणं.

कायद्याचं थोडक्यात

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच असतो. म्हणजे हौशी पॅच ही परवानगीने चालणारी गोष्ट नाही. बहुतेक वेळा कंपन्या काणाडोळा करतात, इतकंच. २०१४मध्ये 'फायनल फँटसी टाइप-०'चा हौशी पॅच स्क्वेअर एनिक्सच्या नोटिशीनंतर काढून घ्यावा लागला. या क्षेत्रातले जुने संकेत असे: रॉम, म्हणजे कार्ट्रिजमधल्या गेमची फाइल, कधीही वाटायची नाही, फक्त फरकाची पॅच फाइल द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत. मूळ रॉम आपल्याच कार्ट्रिजमधून डंपर यंत्राने काढायची. आणि कंपनीने त्या गेमची अधिकृत आवृत्ती जाहीर केली असेल तर त्यात पडायचं नाही.

मजकूर शोधणं

रॉम हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली की जपानी अक्षरं दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. जुन्या गेममध्ये कुठलाही प्रमाण संकेत नसतो. फॉन्टमधलं कितवं चित्र काढायचं तो आकडा म्हणजेच अक्षर. त्यामुळे आधी कोणत्या अक्षराचा आकडा काय ते शोधायचं, आणि त्याची युक्ती म्हणजे सापेक्ष शोध.

जपानी अक्षरमाला 'आ, इ, उ, ए, ओ, का, कि, कु…' अशी चालते, आणि प्रोग्रामरनेही फॉन्ट बहुधा त्याच क्रमाने मांडलेला असतो. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधली जखम भरणारी वनस्पती म्हणजे 'याकुसो', हिरागानात चार अक्षरं: या, कु, सो, उ. 'आ'ला शून्य धरून मोजलं तर ही अक्षरं ३५, ७, १४ आणि २ या क्रमांकांवर येतात. प्रत्यक्ष आकडे काहीही असोत, त्यांच्यातला फरक ठरलेला: उणे २८, अधिक ७, उणे १२. सापेक्ष शोधाचं साधन संपूर्ण रॉममध्ये हे फरक कुठे जुळतात ते शोधतं.

समजा एके ठिकाणी हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायात) ७५ ५९ ६० ५४ असे बाइट मिळाले. मग 'या' म्हणजे ७५, त्यावरून मागे मोजत 'आ' म्हणजे ५२, 'इ' ५३, 'उ' ५४. खात्री करायला ७५च्या जागी ७६ लिहा, गेम चालवा आणि सामानाची यादी उघडा. 'याकुसो'चं 'युकुसो' झालं असेल तर बिनचूक जागी पोचलात. तीन अक्षरी शब्दाने शोधलंत तर खोट्या जागा ढीगभर येतात; चार-पाच अक्षरी शब्द घ्या, आणि दाकुतेनवाली, म्हणजे ग, झ, द, ब यांसारखी अक्षरं टाळा. ती फॉन्टमध्ये वेगळ्या ओळीत असतात, किंवा त्यांच्या वरच्या दोन रेघा स्वतंत्र चित्र म्हणून काढलेल्या असतात.

सापडलेले आकडे एका साध्या मजकूर फाइलीत 'आकडा = अक्षर' असे लिहीत जायचे. हीच टेबल फाइल. तिच्यात नियंत्रण-आकडेही येतात: नवी ओळ, खेळाडूच्या बटणाची वाट पाहणं, पात्राचं नाव घालणं, संवाद संपणं. हे शोधायला वेळ लागतो, पण यातला एक जरी राहिला तरी पुढे गेम गोठतो.

काहीच सापडलं नाही, तर मजकूर दाबलेला आहे असं समजा. तेव्हा डीबगर हवा, म्हणजे गेमचं कोड चालताना पावलोपावली दाखवणारं साधन. फॅमिकॉम, गेम बॉय आणि सुपर फॅमिकॉम तिन्हींसाठी मेसेन या इम्युलेटरचा (जुनं यंत्र संगणकावर वठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) डीबगर उत्तम आहे. संवादाचं अक्षर पडद्याच्या स्मृतीत लिहिलं जातं त्या जागी गेम थांबवणारा ब्रेकपॉइंट लावायचा, आणि ते आलं कुठून याचा माग काढत मजकूर उलगडणाऱ्या कोडपर्यंत जायचं. इथे प्रोसेसरची असेंब्ली, म्हणजे त्याच्या थेट आज्ञांची भाषा, वाचावी लागते: फॅमिकॉमला ६५०२ची, सुपर फॅमिकॉमला ६५८१६ची, गेम बॉयला झेड८०शी मिळत्याजुळत्या प्रोसेसरची. याला पळवाट नाही. टीममध्ये एकाला तरी ती यायलाच हवी.

पॉइंटर

मराठी वाक्य जपानी वाक्याइतक्याच बाइटचं निघणं जवळजवळ अशक्य. वाक्य लांबलं की पुढचं सगळं सरकतं, आणि कुठला संवाद कुठून सुरू होतो हे गेमला सांगणारे पत्ते चुकतात. हे पत्ते म्हणजे पॉइंटर.

सुपर फॅमिकॉमच्या लोरॉम प्रकारच्या गेमचं उदाहरण घ्या. त्यात रॉम ३२ किलोबाइटच्या बँकांमध्ये विभागलेली असते आणि प्रत्येक बँक प्रोसेसरला हेक्स ८०००पासून पुढे दिसते. तुमचा संवाद फाइलीत हेक्स १८३४५ या जागी सुरू होतो असं समजा. त्यात ८०००चे तीन पूर्ण भाग जातात, म्हणून बँक ३. उरले ३४५, त्यात ८००० मिळवले की ८३४५. पत्त्यातला लहान बाइट आधी लिहितात, म्हणून रॉममध्ये ४५ ८३ हे दोन बाइट शोधायचे. त्यांच्या मागेपुढे थोड्याथोड्या फरकाने वाढत जाणाऱ्या जोड्यांची रांग दिसली, तर ते पॉइंटरचं कोष्टक.

गणित बरोबर असूनही काही सापडत नसेल, तर फाइलीच्या सुरुवातीला जुन्या कॉपीयंत्रांनी चिकटवलेलं ५१२ बाइटचं शीर्षक आहे का ते पाहा. असेल तर प्रत्येक जागा हेक्स २००ने पुढे ढकललेली असते. हायरॉम गेममध्ये बँक ६४ किलोबाइटची, त्यामुळे गणितही वेगळं.

आता एका संवादाचा पॉइंटर बदला. रॉमच्या शेवटी मोकळी जागा असेल तर तिथे चार शब्द लिहा आणि पॉइंटर तिकडे वळवा. दोन बाइटच्या पॉइंटरला बँक ओलांडता येत नाही, म्हणून दुसऱ्या बँकेत जायचं तर वाचणारं कोड तीन बाइटचं करावं लागतं. रॉमचा आकार वाढवता येतो. २ मेगाबाइटची ४ मेगाबाइट करणं सुपर फॅमिकॉमवर नेहमीचं आहे.

फॉन्ट, आणि देवनागरीचा अनपेक्षित फायदा

जुन्या गेमची चित्रं ८ बाय ८ ठिपक्यांच्या टाइलची. चार रंगांची एक टाइल १६ बाइट घेते. वायवाय-सीएचआर किंवा टाइल मोलेस्टरमध्ये फॉन्ट उघडून अक्षरं काढता येतात. इंग्रजी भाषांतरकारांची इथली रड ठरलेली: जपानी चार अक्षरांत जे मावतं त्याला इंग्रजीत आठ-दहा अक्षरं लागतात. म्हणून त्यांनी दोन उपाय रूढ केले. एक, वारंवार येणाऱ्या अक्षरजोड्यांना एकच आकडा देणं. दुसरा, प्रत्येक अक्षराला त्याच्या रुंदीइतकीच जागा देणारी फॉन्टची यंत्रणा बसवणं.

देवनागरीत चित्र वेगळं आहे. ८ बाय ८मध्ये 'र्की' किंवा 'स्थू' वाचता येईल असं काढून दाखवावं. वेलांटी, रफार आणि उकार एकमेकांच्या अंगावर येतात. पण काहीशे कांजी दाखवणारा गेम घेतलात, तर १२ बाय १२ किंवा १६ बाय १६चा फॉन्ट आणि दोन बाइटने अक्षर निवडण्याची सोय त्यात आयतीच असते. कांजीच्या त्या जागा आपल्या जोडाक्षरांना द्यायच्या. 'याकुसो'ची चार अक्षरं आणि 'वनस्पती'चीही चारच: व, न, स्प, ती. अक्षरांच्या हिशोबात आपण इंग्रजीपेक्षा जपानीला जवळ आहोत, त्यामुळे मेनूच्या अरुंद चौकटीत मराठी इंग्रजीपेक्षा सहज बसते. बाइट मात्र दुप्पट लागतात.

यात करण्याजोगी हुशारी अशी की जोडाक्षरं जुळवण्याचं काम गेमवर टाकायचंच नाही. संगणकावर एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहायची. ती संपूर्ण भाषांतरातली वेगवेगळी अक्षरं मोजेल, हार्फबझसारख्या लायब्ररीकडून त्यांचं रूप जुळवून घेईल आणि प्रत्येकाला एक आकडा देईल. गेम बिचारा आकडा वाचून चित्र काढतो, बाकी त्याला काही कळायची गरज नाही. यादी जागेपेक्षा लांबली तर एकदाच आलेली जोडाक्षरं शोधून ती वाक्यं थोडी फिरवायची. आणि दोन चित्रांमध्ये मोकळा ठिपका ठेवू नका, शिरोरेषा तुटते. शब्द संपल्यावरच ती तुटायला हवी.

स्क्रिप्ट बाहेर काढणं आणि परत घालणं

इथवर हाताने केलं, पण संपूर्ण मजकूर हाताने हलवायचा नसतो. मजकूर बाहेर काढायला कार्टोग्राफर आणि परत घालायला ॲटलस ही जुनी, टिकाऊ जोडी आहे. कोडमधले बदल सुपर फॅमिकॉमसाठी असार या असेंब्लरने करतात. सगळं एका आज्ञेवर चाललं पाहिजे: मूळ रॉम, भाषांतरित मजकूर आणि फॉन्ट घेऊन नवी रॉम तयार. हातात हेक्स एडिटर धरून केलेला एकही बदल अंतिम रॉममध्ये राहू देऊ नका. भाषांतर चालू असताना रॉम शेकडो वेळा नव्याने बांधावी लागते, आणि हाताने केलेली दुरुस्ती तिसऱ्या वेळी विसरली जाते.

या टप्प्यावर पहिल्या गावातल्या पहिल्या माणसाला मराठी बोलतं करा. तो बोलला, दुसऱ्या चौकटीत गेला, संवाद बंद झाला आणि गेम पुढे चालला, की मग भाषांतरकाराला बोलवा.

भाषांतर

बाहेर काढलेल्या मजकुरात कोण बोलतंय ते लिहिलेलं नसतं, आणि संवादांचा क्रम खेळाच्या क्रमाशी जुळत नाही. म्हणून भाषांतरकाराने गेम मूळ जपानीत एकदा पूर्ण खेळलेला असावा, आणि प्रत्येक संवादापुढे वक्ता, स्थळ व प्रसंग भरलेला तक्ता हवा. यंत्रभाषांतराला अशा सुट्या ओळी दिल्या तर ते कोण कुणाला बोलतंय हे ठोकून देतं. मराठीत ते लगेच उघडं पडतं.

कारण मराठीला लिंग लपवता येत नाही. 'फायनल फँटसी ५'मधली फॅरिस ही चाच्यांची कप्तान, पुरुष म्हणून वावरणारी. जपानीत ती स्वतःला 'ओरे' म्हणते, पण क्रियापदावरून काही कळत नाही. मराठीत तिच्या पहिल्याच वाक्याला 'मी येतो' की 'मी येते' हे ठरवावं लागतं. जहाजांच्या स्मशानात भेद उघडा होईपर्यंत 'येतो'च हवं, त्यात वाद नाही. पुढे काय? माझ्या मते चाच्यांसमोर तिने अखेरपर्यंत 'येतो' म्हणावं आणि बहीण लेन्नाशी एकटी बोलताना हळूहळू 'येते'वर यावं. हा निर्णय लेखी नोंदवून ठेवा, कारण सहा महिन्यांनी दुसरा सोबती तिचे संवाद करत असेल.

तू, तुम्ही आणि आपण यांचंही तसंच. कोण कुणाला काय म्हणतो याचं कोष्टक आधीच करा. राजाला प्रधान 'आपण' म्हणेल, गावातली म्हातारी नायकाला 'बाळा, तू' म्हणेल, आणि खलनायक सगळ्यांना अरे-तुरे करेल.

खरी कसरत लढाईच्या संदेशांत. तिथे नाव आणि वस्तू गेम आयत्या वेळी घालतो. '…ने हल्ला केला' हे सुरक्षित, कारण क्रियापद 'हल्ला'प्रमाणे चालतं. '… मेला' असुरक्षित. '…चा अंत झाला' करा. वस्तूच्या नावाला प्रत्यय लावूच नका, कारण 'तलवार'चं 'तलवारीने' होतं आणि गेमला सामान्यरूप कळत नाही. '… वापरून' म्हटलं की प्रश्नच मिटतो. '… मिळाली' की 'मिळालं' या घोळातून सुटायला 'नवी वस्तू: …' अशी मांडणी करा.

मंत्र, राक्षस आणि शस्त्रं यांची शब्दसूची पहिल्या दिवसापासून ठेवा. काताकानातलं नाव कुठल्या भाषेतून आलंय ते शोधल्याशिवाय लिप्यंतर करू नका. 'वाय बर्न' तसाच जन्माला आला.

चाचणी

इम्युलेटर अचूक वापरा. जुन्या इम्युलेटरांत पडद्याची स्मृती कधीही लिहिता यायची. खऱ्या यंत्रात चित्र रंगत असताना ते लेखन वायाच जातं. त्या काळच्या कितीतरी पॅचांची अक्षरं खऱ्या सुपर फॅमिकॉमवर विस्कटली ती यामुळे. मेसेन किंवा बीस्नेस वापरा, आणि मिळालं तर आपली रॉम भरता येणाऱ्या फ्लॅश कार्ट्रिजवर खऱ्या यंत्रातही पाहा. सेव्ह-स्टेटवरून, म्हणजे इम्युलेटरने जशीच्या तशी जतन केलेल्या स्थितीवरून, तपासू नका, त्यात जुना फॉन्ट आणि जुने पत्ते अडकलेले असतात; गेमच्या आतल्या सेव्हवरूनच सुरुवात करा.

नायकाचं नाव शक्य तितकं लांब ठेवून एकदा पूर्ण खेळा. दुकानात पैसे कमी असताना, पिशवी भरलेली असताना, सराईत झोपायला नकार देताना येणारे संवाद कुणी तपासत नाही, आणि चौकटीबाहेर सांडलेली ओळ नेमकी तिथेच सापडते.

पॅच

लहान रॉमसाठी बीपीएस पॅच द्या. जुना आयपीएस अजून चालतो, पण तो १६ मेगाबाइटच्या पुढे जात नाही आणि चुकीच्या रॉमवरही मुकाट्याने लागतो. बीपीएसमध्ये मूळ फाइलीची पडताळणी असते, त्यामुळे चुकीची रॉम दिली तर तो नकार देतो. सीडीवरच्या गेमसाठी एक्सडेल्टा. बीपीएस पॅच करायला आणि लावायला फ्लिप्स पुरतं.

रोमहॅकिंग डॉट नेट हे या लोकांचं मोठं भांडार २०२४च्या ऑगस्टपासून नव्या कामासाठी बंद झालं, जुनं तिथे वाचायला आहे. त्यामुळे आपला पॅच दोन-तीन ठिकाणी ठेवा. सोबतच्या माहिती फाइलीत मूळ रॉमचा सीआरसी३२ हा पडताळणीचा आकडा, ५१२ बाइटचं शीर्षक हवं की नको, कुठल्या इम्युलेटरवर तपासलं आणि काय अजून जपानीतच राहिलंय ते लिहा. चूक कळवणाऱ्याकडून पडद्याचं चित्र आणि गेममधली सेव्ह फाइल दोन्ही मागा. नुसत्या 'तिसऱ्या गावात गेम अडकतो' या वाक्यावरून तो संवाद शोधण्यात एक रविवार जातो.